कापणीच्या सणाला लावलेली बोली आणि देवाची इच्छा

पांझराकाठ

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथं नुसता वाचतो आहे, आज पहिल्यांदा स्वतःचं काही विचारतोय. जरा लांबेल.

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मंडळीत साठ-सत्तर घरं. गेल्या महिन्यात कापणीचा सण झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातलं पहिलं पीक, परसातलं, घरातलं जे असेल ते लोक देवळात आणतात. बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, कोंबडी, अंडी, कुणी घरचे पापड. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. यंदा देवळाचे पत्रे बदलायचे होते.

लिलावात एक गंगाफळ आलं. दहाएक किलोचं असेल. एका बाजूला माती तशीच चिकटलेली, देठाला वेलाचा वाळका तुकडा. एका विधवा आजींनी परसातून आणलं होतं. बोली दोनशेपासून सुरू झाली. आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत, त्यांचं-माझं चार वर्षं बोलणं नाही. मंडळीच्या हिशोबावरून झालं होतं, ते सांगत बसत नाही. त्यांनी पाचशे म्हटलं. मी सहाशे. ते हजार, मी पंधराशे. त्यानंतर मला गंगाफळ दिसतच नव्हतं, फक्त त्यांची मान दिसत होती. कानशिलं तापली होती. ५,१०० ला ते थांबले. टाळ्या पडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू अशा उदार हाताला आशीर्वाद देवो." मी मान खाली घातली आणि लोकांना ती नम्रता वाटली.

घरी जाताना गंगाफळ स्कूटरवर पायाशी, मागे मिसेस. पांझरेच्या पुलावर तिनं विचारलं, "हे देवाला दिलं, का त्यांना दाखवलं?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता आलेलं नाही.

आता खरा प्रश्न. जानेवारीत मंडळीच्या वडिलांची, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांची, निवडणूक आहे. चार जण म्हणतायत, तुम्ही उभे राहा. मी महिनाभर प्रार्थना करतोय, आणि आतून 'हो' येतं. पण त्या गंगाफळानंतर मला त्या 'हो'चा भरवसा वाटत नाही. ते गृहस्थही उभे राहणार आहेत. देव बोलावतोय, का माझी खुन्नस देवाच्या आवाजात बोलतेय, हे ओळखायचं कसं?

शिरपूर_ते_पुणे

काका, तुम्ही हे इतकं उघड लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आलं असं मला वाटतं. वाचून आमच्या गावचा लिलाव आठवला. माझ्या वडिलांनी एकदा एका कोंबड्यासाठी आठशे मोजले आणि तो रस्त्यातच सुटून पळाला.

गंगाफळ म्हणजे लाल भोपळाच ना? इथं पुण्यात गंगाफळ म्हटलं की भाजीवाला माझ्याकडे बघत बसतो.

भुसावळ_जंक्शन

लाल भोपळाच. काही गावांत डांगर म्हणतात. त्याची भाजी खायची तर मेथ्यांची फोडणी आणि कळण्याची भाकरी.

पांझराकाठ भाऊ, मी रेल्वेत चौतीस वर्षं काढली. आमच्याकडे सिग्नल लाल असेल तर लाल, हिरवा असेल तर हिरवा. देवानं असे दिवे लावले असते तर किती बरं झालं असतं, असं मला तरुणपणी फार वाटायचं. म्हणून मी बायबलातल्या गिदोनासारखी, देवाकडे खूण मागत, लोकर पसरायचो. अमुक झालं तर देवाची इच्छा, नाही झालं तर नाही. बदलीच्या वेळी ठरवलं, सोमवारपर्यंत पत्र आलं तर जायचं. पत्र सोमवारी आलं नाही, मंगळवारी आलं. मी म्हटलं, देवाच्या लेखी मंगळवारही चालेल. मला जायचंच होतं, म्हणून मी देवाचं वेळापत्रक बदललं.

तेव्हा चिठ्ठ्या, खुणा यांवर जाऊ नका एवढंच सांगतो. खूण वाचणारे डोळे आपलेच असतात.

अलायन्सवाला

चिठ्ठ्यांना सरसकट नावं ठेवू नका. प्रेषितांची कृत्ये १ वाचा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषित म्हणून चिठ्ठ्या टाकूनच निवडलं.

भुसावळ_जंक्शन

निवडलं, मान्य. पण आधी दोन लायक माणसं पुढे केली, प्रार्थना केली, मग चिठ्ठ्या टाकल्या. आणि ते पेंटेकॉस्टच्या आधीचं. पवित्र आत्मा आल्यावर त्याच पुस्तकात चिठ्ठी पुन्हा कुठं दिसते ते मला दाखवा.

आबा_दोंडाईचा

लेकरांनो, मी ब्याऐंशी वर्षांचा. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

गंगाफळाचं आधी. पौल कैदेत असताना फिलिप्पैकरांना लिहितो (१:१५-१८) की काही लोक हेव्यानं आणि तट पाडायला ख्रिस्ताची घोषणा करतात, मला बेड्यांत आणखी त्रास व्हावा म्हणून. आणि पुढं म्हणतो, काही असो, ख्रिस्ताची घोषणा होते ना, मग यात मी आनंद करतो. पाहा, त्यांचा हेतू चांगला होता असं तो म्हणत नाही. हेवा तो हेवाच. पण त्यामुळे सुवार्ता बाटली असंही म्हणत नाही. तुझ्या पैशाचे पत्रे आले तर ते गळणार नाहीत. पाऊस तुझा हेतू विचारून पडत नाही.

आता आपल्या सगळ्यांचं सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. १९४९ मध्ये त्या मिशनचं नाव बदललं, पण जुनी माणसं पुष्कळ दिवस जुनंच नाव घ्यायची. माझे आजोबा त्यांच्या दारात का गेले? आत्म्याच्या तारणासाठी नाही गेले. पोराला ताप होता, मिशनकडे औषध होतं. त्यानंतर शाळेसाठी गेले. सावकाराच्या माणसांना कुणीतरी गोरा माणूस आपल्या बाजूला उभा दिसावा, म्हणूनही गेले. लोक तोंडावर म्हणायचे, पोटासाठी बाटला. आजोबा म्हणायचे, "हो, पोटासाठीच गेलो. पन देवनी पोटना दारथून मांगे पाठाडं नही." पोटाच्या दारातून आलो म्हणून देवानं परत धाडलं नाही.

योहान ६ मध्ये येशू त्या लोकांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. पण भाकरी त्यानं आधी दिली होती, हे विसरू नका.

आजोबा पुढे तीस वर्षं गावोगाव पायी फिरले. हेतू कधी शुद्ध झाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. चालता चालता झाला.

नवापूरकरीण

आबा, तुमच्या आजोबांसारख्या माणसांमुळेच आमच्या भागात आज एवढ्या मंडळ्या आहेत. पण 'चालता चालता होतो' याला मी अर्धंच मान देईन. कधी कधी होत नाही, मोडावं लागतं. आमच्या घरचं सांगते.

२००६ चा फेब्रुवारी. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. मी तेव्हा दहावीत होते. वडिलांचं अंड्यांचं लहान पोल्ट्री फार्म होतं, दोन शेड. त्याच्या आधीच्या नाताळात वडिलांनी देवळात साक्ष दिली होती. दशांश कधी चुकवला नाही, म्हणून प्रभूनं धंदा वाढवला, तिसरी शेड बांधतोय, असं उभं राहून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग ती पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मे. फार्मच्या मागे खड्डा खणला. कोंबड्या पोत्यांतून नेल्या. वरून चुना टाकला. मला सगळ्यात आठवते ती शांतता. शेडमधला तो कलकल आवाज रात्रंदिवस कानांत असायचा, आम्हाला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. त्या रात्री कुणालाच झोप आली नाही.

भरपाई मिळाली, पण वडील देवळात जायचे बंद झाले. जवळजवळ दोन वर्षं. आई एकटी आम्हाला घेऊन जायची. एके दिवशी त्यांनी स्वतःच आईला सांगितलं, मी अंगणात भांडी घासत होते म्हणून ऐकलं. म्हणाले, "मी देवाशी प्रेम नाही, व्यवहार केला होता. दहा टक्के त्याचे, नव्वदची राखण त्यानं करायची. त्यानं करार मोडला म्हणून मी रुसलो. पण करार मी एकट्यानंच लिहिला होता, त्याची सही त्यावर कधी नव्हतीच."

त्यानंतर ते परत गेले. साक्ष द्यायला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. दशांश अजून देतात, पाकिटावर नाव घालत नाहीत.

म्हणून पांझराकाठ दादा, माझ्या मते तुमचे पत्रे चांगले, पण तुमच्या आत जे झालंय ते पत्र्यांनी झाकू नका.

केळीचा_घड

मी ख्रिस्ती नाही, रावेरकडचा शेतकरी, घरात वारी आहे. धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. गणपती मंडळात प्रसादाच्या नारळाची बोली लागते तिथं हेच होतं, अगदी हेच. त्या पोल्ट्रीच्या ताईंचं वाचून थांबलो. मे महिन्यात वादळात माझी कापणीला आलेली केळी एका रात्रीत आडवी झाली होती, तेव्हा मीही विठ्ठलाशी सहा महिने बोललो नव्हतो. नंतर कळलं की तो माझ्याशी बोलतच होता. बाकी चालू द्या.

अमळनेरची_ताई

मला या चर्चेत एक काटा टोचतोय, तो बोलून टाकते.

'स्वतःला नाकारा, देवाची इच्छा करा' हे वाक्य आपल्याकडे नेहमी कुणाला ऐकवलं जातं? सुनेला, धाकट्या मुलीला, पाळकाच्या बायकोला. माझ्या लग्नाच्या वेळी मी डी.एड. करून नोकरीला लागले होते. सासरकडून निरोप आला, प्रभूची इच्छा आहे की सुनेनं घर सांभाळावं. प्रभूनं ती इच्छा माझ्या कानात कधी सांगितली नव्हती, थेट सासऱ्यांना कळवली होती. मी सोडली नोकरी. नऊ वर्षांनी, सासरे गेल्यावर, पुन्हा धरली. त्या नऊ वर्षांत मी ज्याला आज्ञापालन म्हणत होते ती भीती होती, आणि ते ज्याला देवाची इच्छा म्हणत होते ती त्यांची सोय होती.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं सगळे मोठ्या अभिमानानं सांगतात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. मलाही अभिमान आहे. पण त्याआधीचं बघा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला, लक्ष्मीबाईंना, विचारलं नव्हतं. त्या बाईंनी काही वर्षं नवऱ्यापासून लांब काढली, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वाटेनं बाप्तिस्मा घेतला. टिळक हातातलं गरजूला देऊन मोकळे व्हायचे आणि घरात चूल कशी पेटवायची ते लक्ष्मीबाई बघायच्या. एकाचा स्वार्थत्याग दुसऱ्याच्या ताटातून होत असेल, तर तो देवाला किती पोचतो हे मला माहीत नाही.

दादा, ते ५,१०० घरखर्चातले होते का? मिसेसना विचारलं होतंत का?

आबा_दोंडाईचा

अमळनेरच्या ताई, तुम्ही मला विचारात पाडलंत. मी पुष्कळ वर्षं मंडळीचा वडील होतो. 'प्रभूची इच्छा' असं सांगून दोन सुनांना मी गप्प बसवलंय, माझ्याच घरात. एक सून गेली. दुसरी आत स्वयंपाक करतेय. नातू हे टाइप करताना माझ्याकडे बघतोय.

शिरपूर_ते_पुणे

आबा 🙏

विषयांतर होतंय पण राहवत नाही. टिळकांच्या घरात आपला धरणगावचा बालकवीही राहून गेलाय, नगरला. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. मी भुसावळला गाडीनं जाताना भादली आलं की खिडकीतून बघतो, दरवेळी.

भुसावळ_जंक्शन

भादलीवरून मी किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला तिथं बालकवींचं सांगायचो. असो, मूळ विषयावर या.

वसईवाला

मी कॅथलिक, वसईचा. बायको जळगावची, म्हणून हा धागा तिनं दाखवला.

आमच्याकडे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी निर्णय ओळखायच्या काही रीती सांगून ठेवल्यात. त्यांतल्या दोन मला फार उपयोगी पडल्या. पहिली अशी की, समजा एक अनोळखी माणूस तुमच्याकडे आला, नेमका हाच प्रश्न घेऊन, आणि तुम्हाला त्याचं फक्त भलं हवंय. त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा. दुसरी, आपण मरणाच्या बिछान्यावर आहोत असं धरा आणि विचारा, त्या वेळी मागे बघताना मी काय निवडलेलं असावं असं वाटेल? शिवाय ते म्हणतात, मन खिन्न आणि कोरडं असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये.

या सगळ्याच्या आधी मात्र एक पायरी आहे. 'उभा राहिलो तरी बरं, नाही राहिलो तरी बरं' इथपर्यंत मन आणायचं. तराजूचा काटा मधे यायला हवा. काटा आधीच एकीकडे कलला असेल तर तोललेलं वजन खोटं.

पांझराकाठ

सगळ्यांचे आभार. अमळनेरच्या ताईंना आधी उत्तर देतो. पैसे घरातलेच होते, मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. मिसेसना विचारलं नव्हतं. फी नंतर भावाकडून घेऊन भरली. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

वसईवाले दादा, तो अनोळखी माणसाचा प्रयोग काल रात्री केला. त्याला मी म्हटलं, 'बाबा, त्या माणसाशी चार वर्षं का बोलत नाहीस ते आधी सांग.' आणि तो गप्प बसला.

नवापूरकरीण

मग दादा, तेच विचारते. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही 'ते सांगत बसत नाही' म्हणून पुढे गेलात. सगळ्या पोस्टमध्ये तेवढी एकच ओळ तुम्ही घाईनं लिहिली आहे. का?

अलायन्सवाला

ताई, प्रत्येकाचं खासगी असतं. इतकं खोदू नये.

नवापूरकरीण

खोदत नाही. दार अर्धं उघडं दिसलं म्हणून विचारलं. बंद करायचं असेल तर त्यांनी करावं, मी मागं फिरेन.

भुसावळ_जंक्शन

दादा उत्तर देतील तेव्हा देतील. तोवर मी बायबलातल्या योना संदेष्ट्याचं सांगतो, कारण तो आपल्या धाग्याला भोपळ्यापासून चिकटलाय.

देवानं सांगितलं निनवेला जा, तो याफोला जाऊन तार्शीशच्या गलबतात बसला. माशाच्या पोटातून परत आल्यावर गेला निनवेला, आणि ओरडला, आणखी चाळीस दिवसांनी निनवे उद्ध्वस्त होईल. मनातून त्याला ते व्हावंच असं वाटत होतं. तरी शहर वाचलं! आबांचा मुद्दा तिथंही लागू, माणसाचा हेतू वाईट होता पण काम देवाचं झालं. मात्र देव तिथं थांबला नाही. गावाबाहेर फुगून बसलेल्या योनाच्या डोक्यावर त्यानं सावलीला वेल उगवला आणि दुसऱ्या दिवशी वाळवला. कुणी तो भोपळ्याचा वेल मानतात, कुणी एरंडाचं झाड. वेल वाळला म्हणून योना मरण मागायला लागला. देव म्हणाला, तुला वेलाचा कळवळा येतो, मग मला त्या शहरातल्या १,२०,००० हून अधिक माणसांचा का येऊ नये?

शहराचं काम झालं होतं. देव आता एका माणसाच्या मनासाठी थांबला होता, उन्हात, त्याच्याशी वाद घालत. मला ते पुस्तक त्या जागी सगळ्यात आवडतं. योनानं काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही.

वसईवाला

फार छान. त्यात गेथशेमानेची बागही जोडा, येशूनं पकडला जाण्याआधी प्रार्थना केली ती. येशूनं 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' म्हणायच्या आधी स्वतःची इच्छा बापाला स्वच्छ सांगितली, हा प्याला दूर कर. मत्तय म्हणतो तीनदा प्रार्थना केली. इच्छा असणं म्हणजे स्वार्थ नव्हे. ती लपवून, वर देवाचं नाव चिकटवणं हा घोटाळा.

अमळनेरची_ताई

प्रेषितांच्या कृत्यांतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचंही तेच. पेत्र त्यांना म्हणतो, शेत तुमचंच होतं, विकल्यावर पैसेही तुमच्याच हातात होते. ठेवून घेतले याबद्दल ते मेले नाहीत. सगळं दिलं असं दाखवलं, त्याबद्दल मेले.

पांझराकाठ

दोन दिवस मोबाइल हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. नवापूरच्या ताई, दार बंद करणार नाही.

चार वर्षांपूर्वी ते गृहस्थ मंडळीचे खजिनदार होते. आवाराच्या भिंतीच्या कामात ३,४०० रुपयांच्या सिमेंटची पावती सापडत नव्हती. वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "देवाच्या घरात तरी हिशोब स्वच्छ असावा." चोर हा शब्द मी वापरला नाही. वापरायची गरजच उरली नव्हती. त्यांच्या मिसेस पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या गृहस्थांनी तिथंच राजीनामा दिला.

तीन महिन्यांनी पावती सापडली. माझ्याकडे. जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यात, मीच तपासायला घरी आणलेल्या रजिस्टरच्या. घडी घातलेली, दुकानाचा शिक्का असलेली. मी ती कुणाला दाखवली नाही. मनाशी म्हटलं, आता विषय निघालाच तर दाखवू. विषय कोण काढणार? आजपर्यंत ती माझ्या पवित्र शास्त्रात आहे, स्तोत्रसंहितेत. मिसेसना काल सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली.

मी महिनाभर देवाला विचारत होतो, उभा राहू का? तो काय सांगतोय ते मला चार वर्षांपासून माहीत आहे.

आबा_दोंडाईचा

लेकरा, मत्तय ५:२३-२४. तू वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जा. तुझं दान ठेवून झालंय. जायचं राहिलंय.

एकट्याकडे जाऊन भागणार नाही हेही सांगतो. बोललास सभेत, फिरवायचंही सभेत.

शिरपूर_ते_पुणे

काका, पण आता निवडणुकीच्या तोंडावर हे सांगितलं तर लोक म्हणतील सहानुभूतीसाठी केलं. आणि ते गृहस्थ त्याचा वापर करतील.

अमळनेरची_ताई

करू देत. चार वर्षं त्यांच्याविरुद्ध वापर झालाच ना?

केळीचा_घड

🙏 आमच्या घरी सकाळी तुमच्या नावानं हात जोडले.

पांझराकाठ

झालं ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर कापूस वेचायच्या पिशव्या शिवत बसले होते. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते विसरलो. पावती पुढे धरली. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, शिक्का वाचला, उलटी करून मागची बाजूही बघितली. मग विचारलं, "माफी मागायला आलास का मतं?"

मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. मग वाटलं, हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारतोय आणि मला उत्तर मिळालेलं नाही, तर यांना कुठून मिळणार? मी म्हटलं, "उभा राहणार नाही." ते म्हणाले, "ते तुझं तू बघ." आणि पुन्हा सुई घेतली. पाणीही विचारलं नाही. मी उठलो.

रविवारी घोषणांच्या वेळी पाळकसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो. पाय कापत होते. जे म्हटलं होतं ते शब्द पुन्हा उच्चारले, पावती कुठं सापडली ते सांगितलं, कधी सापडली तेही. 'चार वर्षं' म्हणताना देवळात कुणीतरी मोठा श्वास घेतला. गंगाफळाचंही सांगितलं. ते गृहस्थ खालीच बघत होते, शेवटपर्यंत. त्यांच्या मिसेसनी मात्र माझ्याकडे बघितलं.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, एकच विचारतो. उभं राहायचं नाही हे ठरवलंत, ते आज्ञापालन का लाज? चांगला माणूस लाजेपोटी बाजूला बसला तरी मंडळीचं नुकसानच.

पांझराकाठ

दोन्ही असेल. वसईवाल्या दादांचा काटा अजून मधे आलेला नाही. तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे, तेव्हा पुन्हा विचारेन. तोवर पत्र्यांच्या कामाचं मोजमाप माझ्याकडे दिलंय. पावत्या रोज संध्याकाळी फळ्यावर लावतो.

शिरपूर_ते_पुणे

आणि गंगाफळाचं काय झालं काका? इतके दिवस विचारायचं धाडस होत नव्हतं.

पांझराकाठ

ते माळ्यावर होतं. सोमवारी मिसेसनी विळीवर चिरलं. आतून एकदम केशरी निघालं. संध्याकाळी आमच्याकडे भाजी झाली. अर्धं कुठं गेलं ते मी विचारलं नाही. रात्री त्यांच्या मिसेसचा फोन आला, चार वर्षांत पहिल्यांदा. घरात कोण कसं आहे ते विचारलं, मग म्हणाल्या, "घारगे केले. गोड निघालं."

ज्या आजींनी ते परसातून आणलं होतं त्यांनी बी मागितलंय. सुपात वाळत घातलंय.

केळीचा_घड

बी उरलं तर चार मलाही ठेवा. बांधावर लावीन.